आकडा पटलावर आला पाहिजे

(एका व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

१ फेब्रुवारीला अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतात तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर असतो. आयकर किती वाचला, काय स्वस्त झालं, काय महागलं, यावर रात्रीपर्यंत चर्चा झडतात आणि मग वर्षभरासाठी विषय मिटतो. मला आज त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. अधिवेशन चालू असताना लोकसभेत साधारणपणे सोमवारी आणि राज्यसभेत मंगळवारी अर्थ मंत्रालयाची पाळी येते. करांवर, पेन्शनवर, बँकांवर, खर्चावर आलेल्या प्रश्नांना त्या दिवशी उत्तरं द्यावी लागतात. ती छापली जातात, संसदेच्या संकेतस्थळावर राहतात आणि तुम्ही-आम्ही कोणीही ती वाचू शकतो. वाचणारे मात्र फार थोडे.

आणि ही फार मोठी हानी आहे, असं मी मनापासून मानतो. बहुमतातल्या सरकारचा अर्थसंकल्प सभागृहात पडत नाही. पक्षादेश असतो, मतदान ठरल्याप्रमाणे होतं. पैशाच्या बाबतीत खासदाराच्या किंवा आमदाराच्या हातात खऱ्या अर्थानं उरतं ते प्रश्न विचारण्याचं काम. सरकारला एखादा आकडा मांडायला लावायचा, तो सभागृहाच्या पटलावर आणायचा, आणि मग त्या आकड्याला धरून पुढचा प्रश्न विचारायचा. हे काम चिवटपणे केलं तर त्याचा परिणाम होतो.

या कामाची परंपरा आपल्या घरातली आहे. ब्रिटिश अमदानीतल्या १८९२च्या कायद्यानं कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या, सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिली. मतदानाचा अधिकार नव्हता आणि उपप्रश्नही विचारता येत नव्हता. सरकारनं उत्तर दिलं की विषय संपला. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. सरकारच्या तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक होती आणि सरकार ती भरभराटीची खूण म्हणून दाखवत होतं. देश तेव्हा नुकताच दोन भीषण दुष्काळांतून गेला होता. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं, की ही शिल्लक लोकांच्या समृद्धीतून आलेली नाही. रुपयाचा विनिमय दर वाढल्यामुळे इंग्लंडला पाठवायच्या रकमांचा बोजा हलका झाला, आणि अडचणीच्या काळात बसवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक त्यातून साठली. मग हे कर आता कोणत्या कारणानं घेता? मिठावर मणामागे अडीच रुपये का?

या भाषणामागे आणखी एक माणूस होता, गणेश व्यंकटेश जोशी. पेशानं शिक्षक. सरकारी अहवाल आणि हिशेबाची कोष्टकं वाचून त्यातली विसंगती शोधणं हा त्यांचा ध्यास. गोखले त्यांच्याशी पत्रव्यवहार करत, आकडे मागवत, पडताळून घेत. सभागृहात उभा राहणारा एक आणि घरी बसून तक्ते चाळणारा दुसरा, ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि आयकरातून सुटीची मर्यादा ५०० रुपयांवरून १००० झाली. १९०५ला मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ला एक. हे सगळं एका माणसामुळे घडलं असं कोणी म्हणू नये. पण ज्या सभागृहात मतच नव्हतं, तिथेही नेमक्या आकड्यानं केलेला युक्तिवाद सरकारला झटकून टाकता आला नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आज आपल्या प्रतिनिधींकडे गोखल्यांपेक्षा कितीतरी जास्त अधिकार आहेत. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात. त्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि वर उपप्रश्न विचारता येतात. त्याखेरीज २३० अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं लेखी येतात. १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीनं ठरतं, आणि प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. नुसतं मत मागणारा प्रश्न चालत नाही, काल्पनिक परिस्थितीवरचा चालत नाही, आणि उत्तरात मावणार नाही एवढा अवाढव्य धोरणाचा प्रश्नही चालत नाही.

विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या यादीची भाषा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. "(१) अमुक अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि खाली उत्तर : "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." चार ओळींत सगळं प्रकरण बंद! असं का होतं? प्रश्नाचे पुढचे तिन्ही भाग पहिल्या भागाला टांगलेले असतात म्हणून. पहिल्या भागात एखादी तारीख चुकली, एखाद्या गावाचं नाव चुकलं, तरी विभागाला "हे खरे नाही" असं म्हणता येतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चूकही नसतं. म्हणून प्रश्न होय-नाहीवर उभा करू नये, हा मसुदा लिहिण्याचा पहिला धडा. मी स्वतः काही वर्षं एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे लिहायचं काम केलं आहे. तिथे आम्ही एक पथ्य पाळायचो : प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. "घोटाळा झाला हे खरे आहे काय" असं विचारण्याऐवजी "गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय व जिल्हानिहाय किती रक्कम मंजूर झाली, किती वितरित झाली आणि किती खर्च झाली" असं विचारलं की विभागाला तक्ता द्यावाच लागतो. मंजूर, वितरित आणि खर्च या तीन रकान्यांत जे अंतर दिसतं, त्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

आता कराचं एक अलीकडचं प्रकरण घेऊ. आपल्या विदर्भाशी जोडलेलं आहे. आरोग्य विम्याच्या आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. म्हातारपणी विम्याचा हप्ता आधीच चढा, त्यावर पुन्हा हा कर. २०२४च्या जुलैमध्ये नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना निवेदन दिलं आणि गडकरींनी ते पुढे करून अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. मंत्र्यानं मंत्र्याला लिहिलेलं पत्र, त्यामुळे बातमी झाली. संसदेतही हा विषय लावून धरला गेला. पण या प्रकरणाला वजन आलं ते लेखी उत्तरातल्या आकड्यानं. आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर २०२३-२४ मध्ये ८,२६२.९४ कोटी रुपये जीएसटी गोळा झाला, असं अर्थ मंत्रालयानं सांगितलं. आधीच्या दोन वर्षांचे आकडे धरले तर तीन वर्षांची बेरीज २१ हजार कोटींच्या वर जाते.

हा आकडा येईपर्यंत वाद भावनेचा होता. आजारी माणसाकडून कर घेता का, असं एक बाजू म्हणायची, आणि महसूल बुडेल असं दुसरी. आकडा आल्यावर सगळ्यांना कळलं की प्रश्न नेमका केवढ्या रकमेचा आहे, आणि ती रक्कम वर्षागणिक कशी वाढत चालली आहे. जीएसटीबाबत कोणताही प्रश्न विचारला की मंत्रालयाच्या उत्तरात एक ठरलेला परिच्छेद असतो : कराचे दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीवरून ठरतात, परिषदेत राज्यांचे मंत्रीही असतात. हे खरंच आहे. अर्थमंत्र्यांनी लोकसभेत हेही सांगितलं, की या करातला मोठा भाग राज्यांकडेच जातो, तेव्हा आपापल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांनाही विचारा. मला हे उत्तर योग्य वाटतं, आणि तो आपल्या विधिमंडळासाठी एक धागाही आहे. परिषदेत महाराष्ट्रानं काय भूमिका घेतली, हा प्रश्न मुंबईत किंवा नागपूरच्या अधिवेशनात विचारता येतो. फार कमी वेळा विचारला जातो. पुढे ३ सप्टेंबर २०२५ला परिषदेनं निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विमा पॉलिसींवरचा जीएसटी गेला. निवेदन ते निर्णय, वर्षाहून थोडा जास्त काळ. संघटनेचं निवेदन, मंत्र्याचं पत्र, सभागृहातला प्रश्न, उत्तरातला आकडा, परिषद. यातला एखादा दुवा गळला असता तर किती वर्षं लागली असती कोणास ठाऊक.

कराच्या बाबतीत सरकार काय गोळा करतं यावर पुष्कळ प्रश्न येतात. काय सोडून देतं यावर त्या मानानं कमी. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीपूर्वी अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचे दर घटवल्याचं जाहीर केलं. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज सरकारनंच दिला. बदल अध्यादेशानं झाला आणि संसदेसमोर विधेयक नंतर हिवाळी अधिवेशनात आलं. असा अंदाज जाहीर झाला की प्रतिनिधीचं काम पुढची पाच-सात वर्षं असतं : प्रत्यक्षात किती सुटले, किती कंपन्यांनी नवा दर घेतला, नव्या उत्पादक कंपन्या किती आल्या. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत जमेच्या पुस्तकाला करसवलतींचं एक परिशिष्ट असतं. नफ्याच्या गटानुसार कंपन्यांनी खरोखर किती टक्के कर भरला, हे त्यात असतं. आपल्या प्रतिनिधीला एकच कागद द्यायचा असेल तर मी तो देईन.

आता पेन्शन. यावर मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरातला हा विषय असणार.

पेन्शनवर प्रश्न विचारायचा तर तो पाठवायचा कोणाकडे, इथूनच अडचण सुरू होते. केंद्राच्या जुन्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तिवेतन कार्मिक मंत्रालयाकडे. २००४ पासून लागलेल्यांची एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे. सैनिकांचं संरक्षण खात्याकडे. गरीब वृद्धांचं निवृत्तिवेतन ग्रामविकास मंत्रालयाकडे, आणि त्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयापर्यंत महिना फक्त २०० रुपये आहे. साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी, सहकारी संस्था, खाजगी कंपन्या यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५, श्रम मंत्रालयाकडे. प्रत्येकाच्या मागे पैसा अर्थ मंत्रालयाचा, पण उत्तर देणारा चेहरा वेगळा. प्रश्न चुकीच्या मंत्रालयाला गेला की तो दुसरीकडे वर्ग होतो आणि त्यात दिवस जातात.

ईपीएस-९५चं गणित पाहा. निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. एखाद्या गिरणी कामगाराचा सरासरी पगार ५००० धरला आणि हिशेबात धरलेली सेवा २० वर्षं, तर महिना सुमारे १,४२९ रुपये. आयुष्यभराच्या नोकरीनंतर! सप्टेंबर २०१४ पासून किमान १००० रुपये ठरले आणि तेव्हापासून तो आकडा तिथेच आहे. या योजनेत मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के येतात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं, तेही १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेपर्यंतच. बुलढाण्यात निवृत्त कामगारांनी यासाठी दीर्घकाळ साखळी उपोषण केलं. थंडीपावसात म्हातारी माणसं मांडवात बसून होती. त्यांची मागणी महिना ७,५०० आणि महागाई भत्ता.

संसदेत यावर काय झालं? राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्ये किमान ३००० रुपयांची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. शिफारस कागदावर राहिली. त्यानंतर अधिवेशनामागून अधिवेशन प्रश्न येत गेले. श्रम मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं असायचं : मूल्यांकनानुसार निधीत तूट आहे, अर्थसंकल्पातून मदत देऊन किमान १००० दिले जात आहेत. वरवर पाहिलं तर ही उत्तरं एकसारखी. पण प्रश्न विचारणाऱ्यांनी हळूहळू पेच आवळला. किमान रक्कम वाढवण्याची शिफारस कोणत्या समितीनं केली होती का? ती कोणाकडे पाठवली? त्यांनी काय कळवलं? आणि एक दिवस उत्तरात आलं, की उच्चाधिकार समितीनं अर्थसंकल्पीय तरतुदीच्या अटीवर २००० रुपयांची शिफारस केली होती, परंतु अर्थ मंत्रालयानं ती मान्य केली नाही.

हे एक वाक्य मिळवायला वर्षं लागली. त्याआधी बुलढाण्याच्या मांडवातल्या माणसाला वाटायचं, आपला झगडा भविष्य निर्वाह निधी कार्यालयाशी आहे. त्या उत्तरानं कळलं की दार कुठे अडलं आहे. शिफारस झाली होती, प्रस्ताव गेला होता, आणि नकार नॉर्थ ब्लॉकमधून, म्हणजे अर्थ मंत्रालयातून, आला. एका खात्याला विचारलेल्या प्रश्नातून दुसऱ्या खात्याचा नकार नोंदीवर आणणं, याला मी उत्तम संसदीय काम म्हणतो. त्यानं कोणाच्या हातात रुपया जास्त पडला नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला दुःखही आहे. पण पुढची मागणी योग्य पत्त्यावर करता येते.

जुन्या पेन्शनचं उत्तर वेगळ्या कारणानं वाचण्यासारखं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच माणसानं, लेखी उत्तर दिलं. केंद्रीय कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन लागू करण्याचा प्रस्ताव विचाराधीन नाही. आणि ज्या राज्यांनी परत जायचं ठरवलं आहे, त्यांना एनपीएसमध्ये साठलेला निधी परत देण्याची तरतूद कायद्यात नाही. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. केंद्रानं वित्त सचिव सोमनाथन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २४ ऑगस्ट २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळानं एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली : २५ वर्षं सेवा झालेल्यांना शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि किमान १० वर्षांच्या सेवेला १०,००० रुपये. लगेच दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानंही ती स्वीकारली.

"विचाराधीन नाही" हे त्या दिवसापुरतं सत्य असतं. पण त्याची दुसरीही बाजू आहे. लोकसभेत १९५३ पासून सरकारी आश्वासनांची समिती आहे, आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मंत्र्यानं "बाब विचाराधीन आहे" किंवा "माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल" असं म्हटलं, की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. त्यामुळे मसुदा लिहिणारे अधिकारी असे शब्द जपून वापरतात. "विचाराधीन नाही" म्हटलं की कोणतंही देणं शिल्लक राहत नाही. उत्तर वाचताना हे ध्यानात ठेवा.

प्रश्नाची ताकद किती असू शकते, याचा सगळ्यात मोठा दाखला अजूनही मुंध्रा प्रकरणाचाच. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ला झालं. त्यानंतर वर्षभरातच, जून १९५७ मध्ये, एलआयसीनं हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. त्यातली रिचर्डसन अँड क्रुडास ही मुंबईची. विमाधारकांचा पैसा, आणि कंपन्या अडचणीतल्या. संसदेत यावर आधी प्रश्न आले तेव्हा मिळालेली उत्तरं तोकडी होती. पण विचारणारे थांबले नाहीत, आणि १६ डिसेंबर १९५७ला फिरोज गांधींनी लोकसभेत सगळी मांडणी केली. व्यवहाराच्या तारखा, त्या दिवशीचे बाजारभाव, एलआयसीनं दिलेला भाव, सगळं. ते सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे विसरू नका. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, उघड्या दारानं. गर्दी इतकी, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. आयोगानं महिन्याभराच्या आत काम पुरं केलं, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. मंत्र्यांनी संसदेला वेळीच विश्वासात घ्यायला हवं होतं, असं छगलांनी बजावलं. आजचे लोकप्रतिनिधी विचारतात की एकट्या सदस्याच्या प्रश्नानं काय होणार. त्यांना मी हे प्रकरण वाचायला सांगतो.

खर्चाच्या बाबतीत मात्र चित्र मला चिंतेचं वाटतं. राज्यघटनेनुसार प्रत्येक खात्याची मागणी लोकसभेत मतासाठी येते, सदस्य कपात सूचना देऊ शकतात, शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपात मागून गाऱ्हाणं मांडू शकतात. प्रत्यक्षात चार-पाच मंत्रालयांवर चर्चा होते आणि बाकीच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना मताला टाकून, एकदम मंजूर होतात. १४ मार्च २०१८ला तर लोकसभेनं गदारोळात सगळ्याच मागण्या आणि वित्त विधेयक अर्ध्या तासाच्या आसपास चर्चेविना मंजूर केलं. २०२३लाही चर्चा झाली नाही. देशाचा वर्षाचा खर्च, आणि त्यावर एका सदस्याचं एक वाक्य नाही! यात विरोधक ओरडत होते की सत्ताधाऱ्यांना घाई होती, हा वाद मला नको आहे. दोघांनीही आपलं काम सोडलं.

आपल्या राज्यात वेगळी व्याधी आहे, पुरवणी मागण्यांची. २८ जून २०२४ला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी मागणी असते ती आधी न दिसलेल्या खर्चासाठी. अर्थसंकल्प मांडून पंधरवडाही झाला नसताना एवढा खर्च कसा उगवतो, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या आमदारानं विचारायला हवा, कारण उद्या कोणीही त्या खुर्चीत असू शकतो.

समित्या हा अजून एक मार्ग, आणि तिथे काम जास्त गांभीर्यानं होतं. दारं बंद असतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्षाचा आवेश गळून पडतो. समोर मंत्री नसतात, सचिव असतात, आणि त्यांना आकड्यांवर तासन्‌तास उत्तरं द्यावी लागतात. लोकलेखा समिती १९२१ पासूनची. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल ती तपासते. सप्टेंबर २०२०च्या एका अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवलं, की २०१८-१९ मध्ये ३५ उपकरांतून सुमारे २ लाख ७५ हजार कोटी गोळा झाले, पण ज्या राखीव निधींसाठी ते घेतले त्यांत १ लाख ६४ हजार कोटीच गेले. उपकर राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, तो विशिष्ट कामासाठी असतो. ते काम झालं नाही तर तो घेतला कशाला? २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांत जीएसटी भरपाईच्या उपकराचेही ४७,२७२ कोटी राज्यांसाठीच्या भरपाई निधीत वेळेवर गेले नव्हते. अर्थ मंत्रालयानं सांगितलं, की हिशेब जुळेपर्यंत पैसा तात्पुरता एकत्रित निधीत राहिला, तो वळवला असं म्हणता येणार नाही. दोन्ही बाजू वाचा आणि ठरवा. पण हे प्रश्न निघाले ते कोणीतरी दोन पुस्तकांतले दोन आकडे शेजारी ठेवले म्हणून. गणेश व्यंकटेश जोशी हेच करत होते.

शेवटी एक मसुदा देतो, लिहून घ्या आणि आपल्या खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्या. सूचनेला १५ दिवस लागतात, तेव्हा अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच. अतारांकित, श्रम मंत्रालयाला. "(अ) कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खाली ३१ मार्चअखेर दरमहा १००० रुपये किंवा त्याहून कमी, १००१ ते २०००, आणि २००० हून अधिक निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची राज्यनिहाय संख्या, (ब) किमान १००० रुपये देण्यासाठी गेल्या पाच वर्षांत केंद्रानं दिलेली वर्षनिहाय रक्कम, (क) किमान रक्कम २०००, ३००० व ७,५०० केल्यास येणारा वार्षिक वाढीव खर्च, सरकारनं काढला असल्यास, (ड) याबाबत अर्थ मंत्रालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या तारखा आणि प्रत्येक वेळी मिळालेलं उत्तर."

(अ) आणि (ब)ची उत्तरं तक्त्यात मिळतील. (क)ला बहुधा निधीतल्या तुटीचा परिच्छेद येईल. तेव्हा पुढच्या अधिवेशनात तो एकच भाग वेगळा काढून पुन्हा विचारायला सांगा. आणि (ड)ला "माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर आलं, तर त्या दिवसाची तारीख टिपून ठेवा. तीन महिन्यांची मुदत तिथून सुरू होते.